मोठ्या जोडावरची चार मिनिटं

वेळापत्रक विभागात त्यांना सगळे मिनिटराव म्हणत. खरं नाव पगाराच्या यादीत होतं आणि तिथंच ते सुखात होतं. किती वाजले असं विचारलं, की बाकीचे लोक सव्वानऊ म्हणत, मिनिटराव नऊ सोळा म्हणत. त्यांनी लग्न केलं नव्हतं. कचेरीतले लोक सांगत, की मुलगी बघायला गेले तेव्हा ती सात मिनिटं उशिरा बाहेर आली, म्हणून हे उठून आले. हे खरं की कुणी रिकामटेकड्यानं रचलेलं, कोण जाणे. मिनिटरावांनी कधी नाकारलं नाही, एवढं मात्र खरं.

शहराच्या पोटातून भुयारी रेल्वेचे सात मार्ग जात होते आणि त्यांवर एकशे बारा स्थानकं होती. कुठली गाडी कुठून किती वाजता सुटणार, हे ठरवायचं काम या विभागाचं. टेबलाएवढा कागद पसरायचा, उभ्या बाजूला स्थानकं, आडव्या बाजूला घड्याळ. मग प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ ओढायची. दिवसभराच्या गाड्या काढून झाल्या, की कागद विणलेल्या चटईसारखा दिसायचा. त्या चटईतला एक धागा ओढला तर दहा धागे हलतात, म्हणून या कामाला डोक्यापेक्षा सोशिकपणा जास्त लागतो. तो मिनिटरावांकडे पोत्यानं होता.

जिथं दोन मार्ग एकमेकांना भेटतात आणि माणसं गाडी बदलतात, त्या स्थानकाला 'जोड' म्हणत. असे बावीस जोड होते. एका फलाटावरून दुसऱ्यावर जायला माणसाला किती वेळ लागतो, यावर सगळा खेळ. दुसरा कुणी असता तर नकाशावर पट्टी ठेवून मोकळा झाला असता. मिनिटरावांनी एकवीस वर्षांपूर्वी जोडन् जोड पायी चालून मोजला होता. सकाळच्या गर्दीत, काठी घेतलेल्या म्हाताऱ्याच्या मागून, कडेवर मूल असलेल्या बाईच्या मागून. मग एका वहीत लिहिलं होतं: बागेचा जोड, तीन. इस्पितळाचा जोड, साडेपाच. मोठा जोड, चार. ही वही म्हणजे विभागाचा धर्मग्रंथ. तिच्यावर कुणी शंका घेत नसे.

सध्या चालू असलेलं वेळापत्रक विभागाचे आधीचे मुख्य, थोरले बाबू, यांच्या हातचं होतं. ते कधीच निवृत्त होऊन गेले होते. मिनिटरावांनी तीन वर्षं खपून नवं काढलं होतं. नोकरीतलं पहिलं आणि शेवटचं, कारण महिनाअखेरीला तेही घरी बसणार होते. जुन्याहून हे सुबक होतं. गाड्या तेवढ्याच, पण जोडांवर वाट बघणं कमी. ते आठवडाभर चालवून बघायचं ठरलं, आणि त्याच वेळी मोठ्या साहेबांच्या टेबलावर दुसरं एक वेळापत्रक येऊन पडलं. बाहेरच्या एका कंपनीनं यंत्रावर काढलेलं, गुळगुळीत कागदावरचं.

"मला रेघा कळत नाहीत," मोठे साहेब म्हणाले. "वरच्या मंडळींना तर त्याहून कळत नाहीत. त्यांना कळेल असं काहीतरी द्या मला."

"म्हणजे काय, साहेब?"

"तो टपालवाला आठवतो ना?"

त्याला कोण विसरणार! सुट्टी काढून एका टपालवाल्यानं सगळीच्या सगळी एकशे बारा स्थानकं एका दमात पालथी घातली होती. वेळ लागला सहा तास अडतीस मिनिटं. वर्तमानपत्रात फोटो आला होता, आणि तेव्हापासून निम्म्या शहराला तो आकडा पाठ होता. अनेकांनी तो मोडायचा प्रयत्न केला, पण कुणाला जमलं नाही.

"तुमच्या वेळापत्रकावर अडतीसच्या आत करून दाखवा," साहेब म्हणाले. "मी त्याच दिवशी छापायला देतो. नाही जमलं तर यंत्राचं घेतो. मात्र साध्या प्रवाशासारखं जायचं. बिल्ला घरी ठेवा. आणि सोबत एक खराखुरा प्रवासी हवा. तुम्ही एकटे गेलात तर लोक म्हणतील, घरचंच घड्याळ, घरचीच वेळ."

मिनिटरावांनी खराखुरा प्रवासी म्हणून आपली थोरली बहीण निवडली. अक्का सहासष्ट वर्षांची. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहत होती, म्हणजे लोक तसं म्हणत. खरं तर भाऊ तिच्या राज्यात राहत होता. तिनं चाळीस वर्षं धुलाईगृहात उभ्यानं इस्त्री केली होती. तिचे पाय अजून खणखणीत होते आणि जीभ त्याहून.

"मी कशाला रे? तुझ्या कचेरीत माणसं मेलीत का सगळी?"

"त्यांच्याकडे बिल्ले आहेत. तू प्रवासी आहेस."

"मी आयुष्यात चार स्थानकं बघितलीत. घर, धुलाईगृह, दवाखाना आणि बाजार."

"मग उरलेली एकशे आठ फुकटात बघायला मिळतायत."

"असं म्हण की," अक्का म्हणाली आणि पिशवी शोधायला उठली.

नवं वेळापत्रक चालवून बघायच्या आठवड्यात, बुधवारी सकाळी सहा पाचला पूर्वेच्या टोकाहून ते निघाले. नियम सोपे होते. प्रत्येक स्थानकावर गाडी थांबून दारं उघडली पाहिजेत, आणि टोकाच्या स्थानकांवर व जोडांवर खिडकीत कार्ड पुढं करून शिक्का घ्यायचा. कार्ड अक्काकडे होतं. प्रत्येक स्थानक आलं, की ती पेन्सिलीनं टिंब काढायची आणि मोठ्यानं आकडा म्हणायची. पलीकडचे प्रवासी पेपरातून डोकी काढून बघत. मिनिटरावांना संकोच वाटला, पण अक्काला कुणाची पर्वा नव्हती.

बागेच्या जोडावर गाडी बदलली. मिनिटरावांनी घड्याळ पुढं धरलं. "तीन मिनिटं."

"बरोबर तीन," अक्कानं कबूल केलं. "तू लहानपणी दूध किती वेळात उतू जातं ते मोजत बसायचास. मला वाटायचं, हे पोरगं वाया जाणार."

इस्पितळाच्या जोडावर साडेपाच म्हणजे साडेपाचच लागली. गिरणीच्या जोडावर दोन, तर तिथंही दोनच. गाडी समोर येऊन उभी राहावी आणि यांनी पाय ठेवावा, असं चाललं होतं. कागदावर ओढलेली रेघ पायाखाली खरी होताना मिनिटराव पहिल्यांदाच बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. मनातून खूष असले, की त्यांचे कान लाल होत.

चौथ्या मार्गावर तीन स्थानकं उघड्यावर आहेत. गाडी भुयारातून बाहेर आली तशी अक्का खिडकीला चिकटली. दोन्ही बाजूंना घरांच्या मागच्या गॅलऱ्या आणि वाळत घातलेले कपडे.

"ती चादर बघ. कडा न जुळवता टाकलीय. वाळली की त्रिकोणी होणार ती," अक्का हळहळली. "आणि आपण खायचं कधी?"

"एकेचाळिसाव्या स्थानकापासून सेहेचाळिसाव्यापर्यंत. नऊ मिनिटं ठेवलीत."

"अंडं सोलायला किती धरलीस?"

"दोन."

"आणि घशाखाली उतरायला?"

मिनिटराव हसले. त्यांना हसताना बघायला कचेरीतल्या लोकांनी रजा टाकली असती. पाव आणि उकडलेली अंडी सेहेचाळीसाव्या स्थानकाच्या आत संपली, वर अर्धं मिनिट उरलं.

दहा अठ्ठेचाळीसला तिसऱ्या मार्गाची गाडी मोठ्या जोडावर पोचली. अक्काच्या कार्डावर त्र्याऐंशी टिंबं झाली होती. इथं सहाव्या मार्गाची गाडी धरायची होती, ती दहा बावन्नला सुटणार. चार मिनिटं. आणि हा जोड म्हणजे मिनिटरावांचं अंगण. त्यांची कचेरी याच स्थानकाच्या डोक्यावर होती. गेली एकतीस वर्षं ते रोज इथं उतरत आणि इथूनच परत जात.

ते झपाझप निघाले. फलाटाच्या टोकाला, तिकीट तपासनिसांच्या खोलीमागं एक करडं दार होतं. मिनिटरावांनी न बघताच मुठीवर हात टाकला.

"अरे, थांब," अक्का म्हणाली. "इथं लिहिलंय, प्रवाशांना प्रवेश नाही."

मिनिटरावांनी वर बघितलं. हात-हात उंचीच्या अक्षरांची पाटी होती. ती तिथं नेहमीच असणार. त्यांना मात्र ती आजच दिसत होती.

दार आतून उघडलं. पहारेकरी ओळखीचा. "या ना साहेब! आज बिल्ला नाही? असू द्या. या बहीण ना तुमच्या? या अक्का, पायरीला जपा."

दाराआड लोखंडी जिना होता. खाली सोळा पायऱ्या, एक अरुंद बोळ, वर सोळा पायऱ्या, की सहावा मार्ग. मिनिटराव तो डोळे मिटून चालले असते. चार मिनिटंसुद्धा नव्हे, साडेतीनच लागायची. चार त्यांनी उदारपणे लिहिली होती. आणि वहीत हा एक आकडा त्यांनी कधी मोजला होता, ते आठवायला गेले तर आठवेना. बाकीचे एकवीस जोड त्यांनी परक्यासारखे मोजले होते, म्हाताऱ्यांच्या मागून चालत. हा मोजायची गरजच काय? हा तर माहीत होता.

"प्रवासी कुठून जातात?" त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं.

"प्रवासी? ते काय, वरून. जिना चढून, लांबचा बोळ, मग तिकीटघर, मग तो उतार. पण तुम्हाला काय करायचंय त्याच्याशी? गाडी लागलीच बघा."

अक्का भावाकडे बघत होती. "तू सांग. मी दोन्हीकडून चालेन."

दार उघडं होतं. आत गेलं तर गाडी मिळणार, वेळ साधणार, छापखान्यात कागद जाणार. पहारेकरी कुणाला सांगणार नव्हता, आणि अक्का तर नाहीच. मिनिटरावांनी घड्याळाकडे बघितलं नाही, असं त्यांच्या आयुष्यात क्वचितच घडलं असेल.

"वरून जाऊ," ते म्हणाले.

जिन्यावर गर्दी होती, एकामागं एक. लांबचा बोळ खरंच लांब होता. तिकीटघरात वळसा घालून पुन्हा फाटकातून आत. आणि मग तो उतार: गुळगुळीत फरशी, भिंतीवर 'धावू नका' अशी पाटी, आणि तिच्याखालून धावणारी माणसं. गडबडलेली नव्हेत, सरावलेली. एकानं बॅग पोटाशी धरली होती, फुटबॉल धरावा तशी. एका बाईनं चपला काढून हातात घेतल्या होत्या. कुणी कुणाला धक्का मारत नव्हतं. सगळ्यांना आपापली बाजू ठाऊक होती.

"काय गं, आग लागलीय का कुठं?" अक्कानं पळता पळता त्या बाईला विचारलं.

"गाडी जाते आजी! रोजचंच आहे!"

फलाटावर पोचले तेव्हा दहा बावन्नची गाडी केव्हाच निघून गेली होती. मिनिटरावांनी आता घड्याळ बघितलं. साडेसात मिनिटं लागली होती. चपलावाली बाई बाकड्यावर बसून धापा टाकत एकेक चप्पल पायात घालत होती.

"हे वेळापत्रक कुणी केलंय ना," ती म्हणाली, "त्याला एकदा या उतारावरून पळवला पाहिजे."

"पळवलाय," अक्का म्हणाली. "आत्ताच."

बाईला काही कळलं नाही. मिनिटराव बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. विभागात तक्रारीची पत्रं येत. मोठ्या जोडावर गाडी चुकते, मोठ्या जोडावर धावावं लागतं. ती पत्रं त्यांच्याच टेबलावर येत आणि त्यांना एक छापील उत्तर जाई: प्रवाशांनी जोडावर वेळेचे भान ठेवावे. ते वाक्य मिनिटरावांनीच तयार केलं होतं. त्यांना ते नेमकं आणि सभ्य वाटलं होतं. थोरल्या बाबूंनीही वेळापत्रक काढताना याच वहीतले आकडे घेतले होते, म्हणजे ही माणसं आजची धावत नव्हती. एकवीस वर्षं धावत होती. जगाचे जोड मोजले आणि स्वतःचा तेवढा राहिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"पुढची किती वाजता?" अक्कानं विचारलं.

"अकरा चार."

"मग तोंड का पाडलंयस? एकोणतीस राहिलीत. मी अर्ध्यावर उठणाऱ्यातली नाही."

पुढं मिनिटरावांनी हिशेब करायचं टाळलं, पण डोकं ऐकतंय थोडंच? सहाव्या मार्गाला बारा मिनिटं उशीर, त्यामुळं मुख्य मार्गातून फुटणाऱ्या फाट्यावरची छोटी गाडी चुकली, ती वीस मिनिटांनी एकदा येणारी. दोघं एका रिकाम्या फलाटावर बसून राहिले. अक्कानं चपला काढून पाय हलवले. म्हणाली, इथली हवा चांगली आहे. मग गाडी आली, ते टोकाला जाऊन परत आले, सातव्या मार्गावर चढले. शंभर. एकशे पाच. एकशे नऊ. शेवटच्या स्थानकावर अक्का स्वतःच खिडकीकडे पळाली आणि कार्ड आत सरकवलं. कारकुनानं शिक्का मारून वेळ लिहिली: बारा पंचेचाळीस.

सहा तास चाळीस मिनिटं. टपालवाल्याहून दोन मिनिटं जास्त.

"दोनच!" कारकून चुकचुकला. "आजी, जरा पाय उचलायचे होतेत."

अक्कानं कार्ड पिशवीत टाकलं. घरी जाताना मात्र म्हणाली, "हे बघ, खापर माझ्या पायांवर फोड. म्हातारी होती, दमली, म्हणून दोन मिनिटं गेली. मी कुठं तुझ्या साहेबाला तोंड दाखवायला येणार आहे?"

"तू एकदाही दमली नाहीस."

"ते तुला माहीत. त्याला काय माहीत?"

दुसऱ्या दिवशी मिनिटराव साहेबांपुढं उभे राहिले. साहेबांनी कार्ड उलटसुलट बघितलं आणि अक्कानं सांगितलं होतं जवळजवळ तसंच स्वतःहून म्हणाले.

"सहासष्ट वर्षांची बहीण बरोबर घेऊन चाळीस! अहो, तरणाताठा गडी असता तर सहा वीसमध्ये आला असता. मी कळवतो वर. हे चालेल. आणा तो कागद, सही करतो."

पेनचं टोपण निघालं होतं. मिनिटरावांनी कागद पुढं केला नाही.

"साहेब, तिचे पाय ठीक होते. आकडा चुकलाय."

"कुठला?"

"मोठा जोड. मी चार लिहिलीत. सात लागतात, गर्दीला साडेसात. मी कामगारांच्या दारानं मोजलं होतं. म्हणजे मोजलंच नव्हतं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही?"

"मीच. आणि त्या कंपनीनं आपल्याकडून वही नेली होती. त्यांच्या यंत्रानंही चारच धरली असणार. तिथंही दुरुस्त करायला सांगा."

साहेबांनी पेनला टोपण लावलं. मग म्हणाले, "बरं, मग चारची सात करा आणि आणा. हाय काय आणि नाय काय."

"सहावा मार्ग सरकला की दुसरा सरकतो. दुसरा सरकला की फाटे. सगळं पुन्हा काढावं लागेल. तीन महिने तरी."

"तुमच्याकडे तीन आठवडे आहेत."

"हो."

"म्हणजे हे तुमचं वेळापत्रक..."

"छापता येणार नाही," मिनिटरावांनी वाक्य पुरं केलं. "एक मागणं आहे. नवं येईल तेव्हा येईल. तोवर जुन्यात तेवढं एक करू. सकाळी सात ते अकरा, मोठ्या जोडावर सहाव्या मार्गाची गाडी चार मिनिटं जास्त थांबवायची. चालकांना एका ओळीचं पत्रक पाठवलं की झालं."

"पुढचे जोड चुकतील ना त्यानं?"

"दोन चुकतील. तिथं माणसं थोडी आहेत. बसायला बाकडी आहेत. मी काल बसून आलोय."

घरी अक्कानं सगळं ऐकून घेतलं. "हात दाखवून अवलक्षण," ती म्हणाली. थोड्या वेळानं त्याच्या पुढ्यात चहा ठेवत म्हणाली, "बरं केलंस. उगाच माझ्या पायांची बदनामी झाली असती." त्या रात्री मिनिटरावांनी तीन वर्षांचे कागद गुंडाळून कपाटावर टाकले. त्यांना वाईट वाटलं नाही असं कोण म्हणेल? अक्कानं त्यांच्या ताटातली उरलेली भाकरी न विचारता परत टोपलीत ठेवली.

पत्रक सोमवारपासून लागू झालं. त्या सकाळी मिनिटराव करड्या दाराकडे गेले नाहीत. गर्दीबरोबर जिना चढून, लांबच्या बोळातून, तिकीटघराला वळसा घालून ते उतारावर आले. माणसं नेहमीसारखीच पळत होती. पळत पळत ती फलाटावर आली आणि जागच्या जागी थबकली. गाडी समोर उभी होती. दारं सताड उघडी.

"काय झालं?" मागून कुणीतरी विचारलं.

"बिघडली वाटतं," पोटाशी डबा धरलेला एक माणूस म्हणाला. त्यानं वाकून आत डोकावलं. गाडीत आधीपासून बसलेले दोघेतिघे साशंक होऊन उठले आणि खाली उतरले. फलाटावर कुजबुज सुरू झाली. आता दुसरी कधी येणार, साहेबाला काय सांगायचं, यांचं हे नेहमीचंच.

"बिघडलेली नाही," मिनिटराव म्हणाले. "बसा. अजून अर्धं मिनिट आहे."

"तुम्हाला काय माहीत?" डबेवाल्यानं त्यांना खालीवर बघत विचारलं.

मिनिटरावांना याचं उत्तर देता आलं असतं. पण ते आत गेले आणि खिडकीजवळच्या बाकावर बसले. मग दोनचार माणसं आली, मग आणखी काही. पण बरीचशी दारातच उभी राहिली, एक पाय आत, एक पाय फलाटावर. गाडी आपल्यासाठी थांबते, हे त्यांच्या अंगवळणी पडायला अजून बरेच दिवस लागणार होते.